करडईच्या बाजूच्या रांगा

मी सहावीत जाईपर्यंत वर्षातले चार-पाच महिने आमचं घर म्हणजे पाचटाची खोप असायची. लोहारा तालुक्यात आमचं रान होतं, नव्हतं असं नाही. पण ते मुरमाड, वरच्या अंगाचं, आणि संक्रांत झाली की विहिरीत सोडलेला पोहरा तळाच्या दगडावर आपटायचा. म्हणून दिवाळी सरली की आप्पा, म्हणजे माझे वडील, कुणाच्या तरी गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून जायचे. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळायचा, वर आलेली मळी काढायची आणि गूळ नेमका जमला की काहील उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. आई चिपाडं वाळवून चुलाणापाशी आणून टाकायची. मी आणि धाकटा भाऊ खोपीत. ज्या गावात गुऱ्हाळ त्या गावच्या शाळेत आम्ही मागच्या भिंतीला टेकून बसायचो. हजेरीत आमची नावं नसायची, त्यामुळे आम्ही आलो काय आणि न आलो काय, कुणी विचारायचं नाही. भाकरीसोबत कालवण नसायचं, काकवी असायची. लोकांना हे ऐकून गोड वाटतं. महिनोन्‌महिने तेच खाऊन बघावं म्हणजे कळेल. माझा फ्रॉक रसाने इतका कडक व्हायचा की बसताना मोडायचा.

मधमाशी मी पहिल्यांदा बघितली ती तिथंच, फुलावर नव्हे. गुऱ्हाळावर माशा झुंडीने यायच्या, रसावर घिरट्या घालायच्या आणि वाफेने चटका बसला की काहिलीत पडायच्या. आप्पा लांब दांड्याच्या झाऱ्याने मळीबरोबर त्यांनाही बाहेर काढून फेकायचे. "गोडाची चटक लई वाईट," म्हणायचे. एवढ्यावर त्यांचं आणि माशांचं नातं संपायचं.

पुढं दिवस पालटले. शेततळं झालं, ठिबक आलं, आणि आप्पांचं गुऱ्हाळावर जाणं बंद झालं. मी एका शाळेत सलग टिकले. बारावी झाले, धाराशिवला बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं, मुलगाही नव्हता. हे मी सांगते तेव्हा लोकांना त्यात घमेंड दिसते. असू दे. ती मी कमावलेली आहे.

एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं आणि प्रबंधाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या रानात पहिल्यांदाच बियाण्याचा कांदा उभा होता. बियाण्याचा कांदा म्हणजे उगवलेल्या कांद्याला गुडघ्याच्या वर दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो आणि त्या गोंड्यात बी धरतं. ते बी धरायला मधमाशी लागते. आणि मधमाशीला कांद्याचा रस फारसा आवडत नाही. दुसरं काही बरं मिळालं की ती कांदा सोडून जाते. आमच्या बांधाला लागून शेजाऱ्याची करडई होती, ती फुलायच्या बेतात आली होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "यापेक्षा चांगली जागा तुला शोधूनही मिळणार नाही. करडईच्या बाजूच्या रांगा आणि घराच्या बाजूच्या रांगा, दोन्हीवर माशा मोज. करडई फुलली की माशी काय करते ते बघ. माशी चारा कसा निवडते, हाच तुझा विषय."

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. बियाण्याचा कांदा लावणारे लोक फुलाच्या दिवसांत सकाळी गोंड्यांवर गुळाचं पाणी शिंपडतात. गोडाला माशी येते, माशी आली की बी भरतं, असा हिशोब. सगळेच करतात. सरांना हे ठाऊक होतं. म्हणून ते मुद्दाम आमच्या रानात आले. आप्पांनी बाज टाकली, आईने चहा केला. सरांनी चहा घेतला आणि मग म्हणाले, "फुलं आहेत तोवर ह्या रांगांवर काही मारायचं नाही. औषध नाही आणि गुळाचं पाणीही नाही. नाहीतर पोरीची सगळी मेहनत वाया जाईल."

"आवो सर, तुमी म्हणलात म्हंजी झालं की," आप्पा म्हणाले. "चार रांगांचं काय घिऊन बसलात? पोरीचं शिक्षाण मोठं."

सर निघताना मोटारसायकलपाशी थांबले. मला हळूच विचारलं, "घरचं रान आहे म्हणून विचारतो. वडिलांना नाही म्हणायचं असतं, तर ते म्हणाले असते का?"

मला राग आला होता. मी म्हणाले, "सर, आमचे आप्पा शब्दाचे पक्के आहेत."

त्या हंगामात माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. उमरग्याकडचं एक स्थळ आलेलं होतं. आप्पांनी त्यांना थांबवून धरलं होतं आणि मला म्हणाले होते, "ह्यो हंगाम तुजा. फुलं झडंस्तवर तुला कुणी कायबी म्हणणार न्हाय. मोजणं झालं, कॉलेज झालं, मग आमी म्हणू ते." कांदा वर्षातून एकदाच फुलतो. तो हंगाम गेला तर पदवी पुढच्या वर्षावर जाणार, आणि पुढच्या वर्षापर्यंत ते स्थळ थांबणार नव्हतं, घरचेही थांबणार नव्हते. माझ्या हातात फुलांचे तेवढेच दिवस होते.

सरांनी दोन मधपेट्या आणि एक काचेची पेटी आणून दिली. काचेची पेटी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. दोन्ही बाजूंनी काच, मधे पोळं, आणि माशांना ये-जा करायला पत्र्याला पाडलेलं भोक. वरून काळं कापड. कापड बाजूला केलं की आतली सगळी वस्ती उघडी पडायची. बाहेर चारा सापडलेली माशी परत येऊन पोळ्यावर नाचते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचणं वेगळं. ती पोटाचं टोक थरथरवत सरळ रेषेत चालते, वळसा घालून मागं येते, पुन्हा तीच रेष. रेष सरळ वर गेली तर चारा सूर्याच्या दिशेला. जेवढी कलली, सूर्यापासून तेवढ्या अंगाला. थरथर जितकी लांबते तितका चारा लांब.

आईला बोलावून दाखवलं. आई काचेला नाक लावून बघत राहिली.

"आगं बया! ही तर अंगात आल्यागत घुमायली."

"घुमत न्हाय. पत्ता सांगायली. कुटं फुलं हायत ते बाकीच्यांना सांगायली."

"आन खोटा सांगितला तर?"

"माशीला खोटं सांगता येत न्हाय, आई."

"आसं व्हय," आई म्हणाली आणि चूल पेटवायची आहे म्हणून गेली.

माशांना रंगाचे ठिपकेही मी लावले. गोंड्यावरची माशी जाळीच्या डबीत धरायची, वरून अलगद दाबायची आणि पाठीवर बारीक काडीने रंग टेकवायचा. करडईच्या बाजूच्या रांगांत धरलेल्यांना निळा, घराच्या बाजूच्यांना पिवळा. म्हणजे कोणती माशी रोज कुठं जाते ते कळतं. चावायच्या, हात सुजायचा. भाऊ म्हणायचा, "ताई, त्येंला हळदी-कुकू लावायलीस का?" शेजारच्या बाया बांधावर उभ्या राहून हसायच्या, "कॉलेज शिकून हेच व्हय गं!"

त्यात आप्पांना सगळ्यांत आवडली ती बशी. शेडच्या मागं मी रोज दुपार कलताना, जनावरं पाण्यावर न्यायच्या वेळेला, बशीत साखरेचं पाणी ठेवायचे. थोड्या दिवसांनी एका दुपारी बशी रिकामीच ठेवली. त्याच वेळेला ठिपकेवाल्या माशा आल्या आणि कोरड्या बशीवर फिरायला लागल्या. माशीला वेळ कळते. जिथं ज्या वेळेला खायला मिळालं, तिथं त्या वेळेला ती परत येते, मिळो न मिळो.

आप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. "आरं तिच्या! लोहाऱ्याच्या स्टँडावर बाया यष्टीची वाट बघत्यात, तशाच थांबल्यात बग ह्या. गाडी यिऊ न यिऊ." ते पोट धरून हसले. त्या दिवशी मला वाटलं, माझं शिक्षण यांना खरंच समजलं.

करडई फुलली. पुस्तकात होतं तेच झालं. बांधाकडच्या रांगांतल्या माशा कमी झाल्या, त्या करडईवर जायला लागल्या. संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना हे मोठ्या खुशीत सांगितलं.

आप्पांचा घास थांबला. "मंजी त्या रांगांचं बी भरायचं न्हाय?"

"कमी भरंल. पण तेच तर बगायचंय, आप्पा."

"बियाण्याच्या कंपनीचा मानूस बगायला यिणार हाय. पैलंच साल हाय आपलं."

"चार रांगांचं काय घिऊन बसलात?" मी त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवलं. ते हसले नाहीत.

आणि नंतर काही दिवसांतच नवल झालं. निळ्या ठिपक्यांच्या माशा करडई सोडून परत कांद्यावर यायला लागल्या. घराच्या बाजूपेक्षाही जास्त. मी पुन्हा पुन्हा मोजलं. शेजारी करडई भरगच्च फुललेली, आणि माशी कांद्यावर! मी पळत आप्पांकडे गेले. ते ठिबकची नळी जोडत होते.

"आप्पा, आपल्या रानानं पुस्तक खोटं पाडलं!"

त्यांनी नळी खाली ठेवली, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आपल्या मातीतच कायतरी आसंल."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. मी ते जसंच्या तसं नाही, पण शिकलेल्या भाषेत सरांना फोनवर सांगितलं. जमिनीमुळे कांद्याच्या रसात फरक पडत असेल का, सर? सरांनी मग विचारलं, "त्या माशांच्या पायावर पराग कोणत्या रंगाचा दिसतो?" मी म्हणाले, पाय रिकामेच दिसतात. "हं," सर म्हणाले, "बघत राहा." विभागात सगळ्यांसमोर हे मांडायचा दिवस ठरला. मैत्रिणींना मी कळवूनही टाकलं. आई शेजारणींना सांगायला लागली, आमच्या पोरीनं कायतरी नवीनच शोधलंय.

मी रानात रोज ऊन वर आल्यावरच जायचे. कांद्याचं फूल रस देतं तेच मुळी दहिवर, म्हणजे दव, सुकल्यावर. शिवाय आप्पांची ताकीद असायची, "दहिवरात जाऊ नगंस, पाय सडत्याल. आदी भाकर खा, मग जा." सकाळच्या गार वाऱ्यात ते स्वतः आधी जाऊन यायचे, माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायला लावायचे. बाप पोरीची एवढी काळजी करतो, म्हणून मला बरं वाटायचं.

एके दिवशी आप्पा पहिल्या जीपने लोहाऱ्याला गेले. सातबाऱ्यावर नाव चुकलं होतं, तहसीलला काम होतं. भाऊ झोपलेला. आई म्हणाली, रानात बांधलेल्या म्हशीला वैरण टाकून ये. म्हणून मी सूर्य नुकताच वर आलेला असताना रानात पोचले. गोंडे दहिवराने ओले होते. करडईवर एकही माशी नव्हती. घराच्या बाजूच्या रांगांवर एकही नव्हती. आणि बांधाकडच्या रांगांवर निळे ठिपके घिरट्या घालत होते.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. वाटलं, काय गुणी माशा आहेत, इतक्या लवकर कामाला. मग त्या काय करतायत ते मी नीट बघितलं. फुलात कुणी तोंड घालत नव्हती. दांड्यावर उतरायची, वरखाली चालायची, चाटून बघायची, उडायची, दुसऱ्या दांड्यावर. काहीतरी शोधत होत्या आणि ते सापडत नव्हतं. असं मी आधी कुठं बघितलं होतं ते आठवायला वेळ लागला नाही. कोरड्या बशीवर.

मी तिथंच उभी राहिले, वैरणीचा भारा काखेत. ह्या वेळेला, ह्याच रांगांत, ह्यांना कुणीतरी रोज खाऊ घालत होतं. आज तो माणूस आला नव्हता.

दांड्याला हात लावला. चिकट होता. खालून मुंग्यांची ओळ गोंड्यापर्यंत गेलेली. बोट जिभेला लावलं. गुऱ्हाळावर वाढलेल्या पोरीला गूळ ओळखायला पुस्तक लागत नाही.

आई चुलीपुढं बसली होती. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "आप्पा रोज सकाळी रानात काय शिंपडत्यात?"

आईने भाकरी उलटली. तव्यावरची भाकरी, जिला अजून पदर सुटायचा होता ती, तिने उगीच उलटली.

"न्हाणीत रोज भरून ठेवल्याली ती कळशी," मी म्हणाले. "वासराला गूळपाणी म्हणून सांगितलंस मला. वासरू पितंय व्हय रोज एवडं?"

"आगं, औषीद थोडंच हाय ते? लिंबाच्या डहाळीनं नुसता शिपका मारत्यात."

"तुला ठावं व्हतं!"

"म्या म्हणले व्हते त्येंला, पोरीला सांगा म्हणून. तर म्हणले, सांगितलं तर तिचं मोजणं बिगडंल. तिला न कळंल तवरच बरं."

न कळलं तर बिघडणार नाही! आप्पांना मोजणं म्हणजे माझ्या मनातली गोष्ट वाटली होती. मला कळलं तर खोटी, नाही कळलं तर खरी. मी ऊन डोक्यावर घेऊन जे मोजत होते ते कांदा नव्हता, करडई नव्हती, जमीन तर नव्हतीच. आप्पांच्या हातातली डहाळी होती.

भाऊ अंथरुणातून उठून आला. त्यालाही माहीत होतं. तोच गूळ फोडून द्यायचा. घरातल्या तिघांनी मिळून रोज मला भाकरी वाढली आणि रोज माझ्याकडून नवलाची गोष्ट ऐकून घेतली.

आप्पा दिवस मावळताना आले. पाय धुतले, ओसरीवर बसले. आईने पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. त्यावरून त्यांना कळलंच असणार.

"सापडलं व्हय तुला?" ते म्हणाले. लपवाछपवी नाही, शरम नाही. जणू माझंच हरवलेलं काहीतरी सापडलं का, असं विचारलं.

"तुमी सरांना शब्द दिला व्हता, आप्पा."

"आता पावना दारात आल्ता. चा पिऊन बसलाय. त्याच्या तोंडावर न्हाय कसं म्हणू? आसं कुणी म्हणतंय का आपल्यात?"

"मग मला सांगायचं. मी पावनी हाय का?"

"तुला सांगितलं तर तू मारू दिलं आसतंस?"

"न्हाय."

"मग!" त्यांनी हात पसरले. त्यांच्या दृष्टीने वाद तिथंच संपला. मग त्यांचा आवाज चढला. "आगं, माज्या रांगा माज्या डोळ्यांदेखत वांझ जायल्या, आन म्या नुस्तं बगत बसू? पोटाला चिमटा काडून उबं केल्यालं पीक हाय ते. तुजं मोजणं काय, पुना व्हईल. पीक पुना फुलंल का?"

"माजंबी पुना व्हत न्हाय, आप्पा. फूल वर्सातनं एकदाच हाय. तुमीच म्हणला व्हता, हंगाम तुजा."

"तुजाच हाय की! माशा आल्या न्हायत व्हय? भरपूर आल्या. तुजंबी झालं, माजंबी झालं. कुणाचं वंगाळ झालं सांग?"

मी एवढंच विचारलं, "मी नाचत आले व्हते तुमच्याकडं, तवा तुमी म्हणलात आपल्या मातीतच कायतरी आसंल. ते कशाला म्हणलात?"

ते पहिल्यांदाच खाली बघायला लागले. पायाचा अंगठा जमिनीवर घासत राहिले. मग म्हणाले, "तू लई खुशीत व्हतीस."

शब्द मोडला, पाणी शिंपडलं, ते मी एखाद्या दिवशी समजून घेतलंही असतं. पीक त्यांचं होतं, आणि उपाशी राहून पिकवणाऱ्या माणसाला रिकामी रांग बघवत नाही हे मला कळतं. पण माझी खुशी खोटी आहे हे माहीत असताना त्यांनी ती माझ्याकडून रोज ऐकली, वर त्यात आपल्या हाताने भर घातली. काहिलीत पडलेल्या माशीलाही ते झाऱ्याने बाहेर काढायचे.

आईने रात्रीचं वाढताना हळूच सांगितलं, "आता गप ऱ्हा. कॉलेजात कुणाला कळायलंय? हाय तसं सांगून मोकळी हो. पदवी घे." ती वाईट बाई नाही. तिला माझी पदवी हवीच होती. ती कशी आली याने तिला फरक पडत नव्हता, आणि मला पडत होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी बसने धाराशिवला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. सरांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा निदान सांत्वन करतील. ते म्हणाले, "पाय रिकामे आहेत असं तू म्हणालीस तेव्हाच मला शंका आली होती. माशी फुलात शिरली की अंगाला पराग लागतोच. ह्या नुसतं चाटून जात होत्या." मग म्हणाले, "ह्या रानातलं काहीही वापरायचं नाही. सगळं काढून टाक. पुढच्या हंगामात दुसरीकडे कर." विभागात मांडायचा दिवस रद्द झाला. मैत्रिणींनी विचारलं, तुझ्या शोधाचं काय झालं? मी म्हणाले, चुकलं. कुणी चुकवलं ते सांगितलं नाही. बापाचं नाव मला चारचौघांत घेववलं नाही, याचाही मला राग येतो.

उमरग्याच्या स्थळाला मी घरी न विचारता नाही कळवलं. घरात त्यावरून जे व्हायचं ते झालं. आप्पा म्हणाले, "बापाचा शब्द मोडलास." त्यांना स्वतःच्या बोलण्यात काही वावगं दिसलं नाही. मी कपडे आणि पुस्तकं उचलली आणि धाराशिवला हॉस्टेलवर राहायला गेले. शिकवण्या घेतल्या. ते वर्ष कसं काढलं ते कुणाला रडून सांगायची मला हौस नाही.

पुढच्या हंगामात सरांच्या ओळखीने बेंबळीला एका मावशींचं रान मिळालं. नवरा नाही, शेती स्वतः बघतात, आवाज असा की दोन शेतं पलीकडं ऐकू जावा. मी विनंती करायला तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "गुळाचं पाणी मी मारणार, बरं का. आताच सांगते. माज्या सासूनं मारलं, मीबी मारते. पटतंय का बग, न्हायतर दुसरं रान बग."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं पोरीला उन्हाचं काहीतरी झालं.

"मावशी, मारा. पण मला दाखवून मारा. आन अर्ध्या रानात मारू नका."

"अर्दं? पार अर्दं?" त्यांनी कंबरेवर हात ठेवला. बांधावरून माझ्यासोबत फिरल्या, रान बघितलं, घासाघीस केली. शेवटी एक पट्टा सोडायला तयार झाल्या. "एवडा घे. ह्यात मी बगणारबी न्हाय. पण ह्याच्यावर एक बोट सरकायचं न्हाय."

त्या हंगामभर तसंच वागल्या. रोज सकाळी बांधावरून हाक यायची, "ए माशीवाले! पाणी मारायले गं मी! बगून घे, मग म्हणशील सांगितलं न्हाय!" त्यांच्या त्या ओरडण्याने सुरुवातीला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. परकी बाई, तिला माझ्याशी खोटं बोलायची गरज वाटली नाही.

सरांनी विषय बदलायला परवानगी दिली. गुळाचं पाणी मारल्यावर मधमाशीचं चारा गोळा करणं कसं बदलतं, हाच विषय केला. ठिपके, काचेची पेटी, पायावरचा पराग, सगळं पुन्हा. गूळ मारलेल्या रांगांवर माशा दाट यायच्या, पण बऱ्याचशा दांडे चाटून निघून जायच्या, पाय रिकामे. न मारलेल्या पट्ट्यावर माशा कमी, पण ज्या यायच्या त्या गोंड्यात शिरायच्या आणि पराग माखून निघायच्या. त्या एका रानात, त्या एका हंगामात तरी मी हे डोळ्यांनी बघितलं. मावशींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "असंल. पण गूळ मी सोडणार न्हाय." ठीक आहे. तोंडावर म्हणाल्या.

आप्पांचे फोन येतात. पाणी आहे का तिथं, जेवलीस का, येणार कधी. मी उत्तरं देते, सणाला घरी जाते. मध्यंतरी लोहाऱ्याच्या जीपमध्ये गावातलेच एक काका भेटले. म्हणाले, "तुजा बाप सांगत व्हता, पोरीनं सगळा शोध आमच्याच रानात लावला." मी खिडकीबाहेर बघितलं. आप्पांशी मी सगळं बोलते, पण ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं असतं, असा एकही प्रश्न मी त्यांना विचारत नाही.

प्रबंध बेंबळीच्या रानातल्या मोजणीवर लिहिला. तो मान्य झाला आणि मला एम.एस्सी. मिळाली. आमच्या भावकीत इतकं शिकलेली मी पहिली. आता एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते.